लिमयेकाकांची तालीम

तिसऱ्या मजल्यावरचे लिमयेकाका आमच्याकडे चहाला आले की आधी स्वयंपाकघरात शिरतात, गॅस नीट बंद आहे का ते स्वतः फिरवून बघतात आणि मग म्हणतात, "हं, आता कर चहा." तो करायला गॅस पुन्हा चालू करावा लागतो, याचं त्यांना काही वाटत नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काकांनी उभी हयात सेफ्टी ऑफिसर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर कारखाना वाचला आणि आमची डोंबिवलीची बिल्डिंग सापडली. "समजा" हा त्यांचा लाडका शब्द. समजा लिफ्ट अडकली, समजा पाहुणा घसरला. आणि प्रत्येक 'समजा'वर त्यांचा उपाय एकच, तालीम! गेल्या वर्षी गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्यांनी पाटावर मूर्तीऐवजी प्रेशर कुकर ठेवून आम्हाला जिना उतरायला लावलं. पहिल्या मजल्यावर आल्यावर सवयीने कुणीतरी "मोरया!" ओरडलं आणि सगळ्यांनी कुकरला हात जोडले.

हे सगळं ठाऊक असूनही मी सईच्या वाढदिवसाचं त्यांच्याजवळ बोलले. दुसऱ्या कुणाजवळ बोलणार होते?

सई आमची एकुलती एक. तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती. बारावीला मनासारखे मार्क पडले नाहीत आणि पोरगी मिटूनच गेली. क्लासला जायची, यायची, दार लावून घ्यायची. मैत्रिणींचे फोन उचलायची नाही. "वाढदिवस वगैरे काही नको हां आई. केलंस ना, तर मी ठाकुर्लीला मावशीकडे जाऊन बसेन," असं तिने बजावलं होतं. मला पार्टीची हौस नव्हती हो. मला तिला एकदा हसताना बघायचं होतं.

"मग सरप्राइज दे," काका म्हणाले. "पण सरप्राइज म्हणजे अपघातच. तालीम हवी."

झालं! आदल्या दिवशी संध्याकाळी सई क्लासला गेल्यावर काका वाळूची बादली घेऊन हजर. निरांजन पेटणार म्हणून वाळू. आमच्या ह्यांना दिव्याच्या बटणापाशी उभं केलं, मला औक्षणाचं तबक दिलं. सईच्या जागी कोण? काका स्वतःच. तिची जुनी सॅक खांद्याला अडकवून ते बाहेर गेले आणि बेल वाजवून आत आले. ह्यांनी दिवे लावले, आम्ही "सरप्राइज!" म्हणून ओरडलो. काका दचकून सॅकसकट सोफ्यात बसले.

"एवढं ओरडतात का? समजा, पोरीला धक्का बसला तर? आता औक्षण. अर्धवट नको, खरंखुरं कर."

मी त्यांना पाटावर बसवलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली. मग निरांजन ओवाळायला लागले. तोवर ओढणी सांभाळ, वात बारीक कर अशी त्यांची बडबड चालू होती. ती अचानक थांबली.

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली. क्लास लवकर सुटला होता. दारात सई!

आता ही चिडणार आणि तडक ठाकुर्ली गाठणार. तिने पाटावरचे काका बघितले, त्यांच्या कपाळावरचं कुंकू, खांद्यावरची आपली सॅक, शेजारची वाळूची बादली.

"हे काय चाललंय?"

काका गडबडले. "काही नाही गं. मी सई आहे."

सई क्षणभर बघत राहिली आणि मग जी हसत सुटली, ती भिंतीला टेकून खालीच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. निकालानंतर हे हसू मी ऐकलं नव्हतं. इतकं हायसं वाटलं, की हातात तबक घेऊन मीही हसायला लागले.

"काका, उठा आता. खरी सई आली," ती म्हणाली.

काका उठले नाहीत. निरांजनाकडे बघत हळूच म्हणाले, "उठतो गं. काकू गेल्यापासून कुणी ओवाळलंच नव्हतं. म्हटलं, जरा बसावं."

इतकी वर्षं एका जिन्याने चढतो-उतरतो, आणि या माणसाचा वाढदिवस कधी असतो हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

"कधी असतो तुमचा बर्थडे?" सईने विचारलं.

"होऊन गेला. मार्चमध्ये."

सई उठली. माझ्या हातातून तबक घेऊन तिने काकांना पुन्हा ओवाळलं, सावकाश. मग वाकून नमस्कार केला. काकांनी आशीर्वाद द्यायला हात उचलला. तो हात तसाच तिच्या डोक्यावर राहिला.

"उद्या माझा वाढदिवस आहे, काका," सई म्हणाली. "मैत्रिणींना बोलावतेय. तुम्ही माझ्या शेजारच्या पाटावर बसायचं."