मास्तरणीची धावती भेट

मास्तरीण दारातून आत आली ती बूट न काढताच. तिने बॅग भिंतीला टेकवली, टिटवीला मिठी मारली, पाठीत दोन धपाटे घातले आणि विचारलं, "चल, आधी काय बघायचं?"

"अगं, आधी बस तरी. चहा टाकलाय."

"चहा घरीही मिळतो. परदेश मिळतो का? ऊठ!"

"मी उभीच आहे," टिटवी म्हणाली.

"मग तर अर्धं काम झालंच."

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक प्राथमिक शाळेत शिकवायची. लहानपणी घरातल्या बाहुल्यांनाही रांगेत बसवायची, म्हणून ती जन्माचीच मास्तरीण. दुसरी टिटवी. आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपणाऱ्या टिटवीसारखी ही जगाची काळजी वाहायची. परीक्षा मास्तरणीची असली तरी ताप टिटवीला यायचा. पुढे टिटवी विज्ञान शिकली आणि या परक्या देशात एका प्रयोगशाळेत लागली. दुकानांतले वजनकाटे, दवाखान्यातले तापमापक बरोबर मोजतात की नाही, हे तपासायचं तिचं काम. एक प्रमाण धरायचं आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. जे जुळत नाही ते चूक. असं स्वच्छ काम टिटवीला मनापासून आवडायचं.

आवडत नव्हतं ते बाकीचं. संध्याकाळी घरी आल्यावर दार उघडायचं आपणच, दिवा लावायचा आपणच, आणि आज काय झालं ते सांगायचं फ्रिजला. आता प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी तिला कायमची नोकरी देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर मागितलं होतं. 'नको, मी घरी जाते' असं म्हणायला टिटवीची जीभ उचलत नव्हती. तोंड वर करून परत गेले तर लोक काय म्हणतील? आई काय म्हणेल? आई तर फोनवर दर वेळी, "तू सुखात आहेस ना, मग आम्हीही सुखात," एवढं बोलून विषय भाजीवर नेई. हे सगळं एकाच माणसापाशी बोलण्यासारखं होतं, आणि ते माणूस शाळेच्या सुट्टीत भावाकडे निघालं होतं. वाटेत शनिवार-रविवार इथे उतरून रविवारी दुपारच्या विमानाने पुढे जाणार होतं.

'निवांत बसू,' टिटवीने ठरवलं होतं. 'पाय पोटाशी घेऊन बसू, आणि सांगून टाकू.'

पण मास्तरीण बसेल तर शपथ! शनिवारी सकाळी राजवाडा झाला. तिथे फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून बुटांवर कापडी सपाता चढवायला देत. त्या सपाता घालून मास्तरीण एका दालनातून दुसऱ्यात अशी घसरत गेली, की भिंतीवरच्या चित्रांतले राजाराणी तिला पुसटच दिसले असावेत. मग वस्तुसंग्रहालयाला बाहेरूनच हात लावला, "आतलं उद्या बघू," म्हणाली. मग नावेतून फेरी. नाव संथ होती, पाणी शांत होतं. टिटवीने घसा साफ केला.

"मास्तरीण, मला जरा बोलायचंय तुझ्याशी. ये ना, बस इथे बाकावर."

बाकावर खिळे असावेत तशी मास्तरीण दचकली. "बोल की! पण उभ्याने. इथून पूल काय झकास दिसतोय! फोटो काढ माझा. पुलासकट."

फोटो काढेपर्यंत पूल मागे पडला, आणि धक्का आला.

मग मनोरा. त्याचा जिना इतका अरुंद आणि गोल की पुढच्याने मागच्याशी बोलायचं तर भिंतीशी बोलावं लागे. तरी टिटवीने सुरुवात केली. पण श्वास एक आणि कामं दोन, वर पोचेपर्यंत तिच्या तोंडून "मला ना..." याच्या पुढे काही निघालं नाही.

"काय सुंदर गाव आहे गं तुझं!" कठड्याला रेलून मास्तरीण म्हणाली. "रोज बघतेस?"

टिटवी हे गाव पहिल्यांदाच बघत होती. तिने आजवर पाहिलेली वाट म्हणजे घर ते प्रयोगशाळा. पण कबूल कसं करणार? पुढे कोणती बस घ्यावी हे ती गुपचूप मोबाइलवर शोधू लागली. मास्तरणीने तो हातातून काढून घेतला, बंद केला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

"वर्गात मोबाइल चालत नाही. सुट्टी झाली की मिळेल."

"अगं, तो माझा आहे!"

"माझी मुलंही हेच म्हणतात."

संध्याकाळी जेवताना टिटवीने सहज सांगितलं, की आज रात्री इथे सगळी घड्याळं एक तास पुढे करतात. उन्हाळा आला की दरवर्षी करतात. "म्हणजे आपला एक तास गेला?" मास्तरणीचा घास हातातच राहिला. टिटवी हो म्हणाली, आणि मनात म्हणाली, 'गेला, तोही माझ्याच वाट्याचा.' पाठ टेकताच मास्तरीण घोरू लागली. टिटवीने स्वयंपाकघरातलं घड्याळ उतरवलं, काटा नीट एक तास पुढे सरकवला आणि ते जागेवर टांगलं.

रविवारी ती उठली तेव्हा मास्तरीण बूट घालून तयार होती. टिटवीने झोपेतच मनगटावरचं घड्याळ स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी जुळवलं आणि ती किंचाळलीच. "अगं बाई! इतका उशीर?"

"तरी म्हटलं झोपू दे तुला. थकली होतीस."

वस्तुसंग्रहालय गाठलं तर दाराला कुलूप. आत रखवालदार झाडांना पाणी घालत होता. टिटवीने आपल्या मोडक्यातोडक्या परक्या भाषेत त्याला हटकलं. तो म्हणाला, अजून वेळ आहे. तिने मनगट पुढे केलं. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. ते बरोबर एक तास मागे होतं.

"बघ," टिटवी मास्तरणीकडे वळली, "हे लोक घड्याळ पुढे करायलाच विसरलेत."

"सांग की त्याला."

टिटवीने सांगितलं. उन्हाळ्याची वेळ, एक तास, काटा पुढे, असं हातवारे करून समजावलं. रखवालदाराने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिच्याकडे पाहत उरलेलं पाणी स्वतःच्या बुटांवर ओतलं.

बागेचं फाटकही बंद. चौकातलं घड्याळ मागे. बसथांब्यावरचं मागे. एका दुकानदाराला टिटवीने काचेवर टकटक करून त्याची चूक दाखवली. त्याने पडदा ओढून घेतला. टिटवीला वाईट वाटण्याऐवजी एक प्रकारची ऐट चढत गेली. अख्ख्या गावात एकच घड्याळ बरोबर होतं आणि ते तिच्या स्वयंपाकघरात होतं. प्रमाण एकच असतं. बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचं असतं.

"आळशीच आहेत गं तुझ्या गावचे लोक," मास्तरीण म्हणाली.

"काय सांगू तुला! चल, निदान विमान तरी गाठू."

बॅग ओढत, धापा टाकत दोघी विमानतळावर पोचल्या. टिटवीच्या हिशेबाने सामान द्यायची खिडकी बंद व्हायची वेळ झाली होती. ती रांगेतल्या लोकांना "माफ करा, माफ करा" म्हणत थेट पुढे घुसली.

खिडकीतल्या मुलीने तिकीट पाहिलं. "या विमानाची खिडकी बंद व्हायला अजून तासभर आहे. रांगेतून या."

"तुमचं घड्याळ मागे आहे," टिटवी ठामपणे म्हणाली.

"असेल," ती मुलगी गोड हसली. "पण विमानं याच घड्याळावर उडतात."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. टिटवीने एकदा मनगटाकडे पाहिलं, एकदा वरच्या मोठ्या पाटीकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपल्या प्रमाणाची शंका आली.

"मास्तरीण, तू सकाळी स्वयंपाकघरात घड्याळाला हात लावला होतास?"

"लावला ना! रात्री तू म्हणालीस पुढे करतात. म्हटलं, टिटवी झोपलीय, आपणच करून टाकू. तेवढीच तुला मदत."

"मी झोपायच्या आधी केलं होतं गं!"

टिटवीने बोटांवर तास मोजले. मग टिटवीच्या लक्षात आलं. गावाने नेलेला तास परत आला होता. सगळाच्या सगळा, कोरा करकरीत. समोर निळ्या खुर्च्यांची रिकामी ओळ होती.

मास्तरणीचा चेहरा मात्र उतरला. "एक तास? मग... विमानतळ बघून घेऊ या का? तो सरकता जिना चांगला दिसतोय."

"बस खाली."

"त्या दुकानात..."

"बस म्हणते ना!"

तीस-चाळीस पोरांना एका नजरेत गप्प करणारी मास्तरीण मुकाट्याने बसली. बसली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, काय झालं?"

"म्हणून बसत नव्हते मी," पदर नव्हता म्हणून बाहीलाच नाक पुसत ती म्हणाली. "बसले की माझं तोंड सुटतं. काकूंनी शपथ घातलीय. म्हणाल्या, 'ती तिकडे रमलीय. तिला परत ये म्हणून तिच्या मनात किडा सोडू नकोस.' त्या रोज तुझ्या खोलीत जाऊन बसतात गं. आणि मी? शाळेतून येताना तुझ्या घरावरून यायचं सोडलं मी. लांबच्या रस्त्याने जाते. पण तुला नाही हं म्हणत मी परत ये. अजिबात म्हणत नाही!"

टिटवीला हसूही येईना आणि रडूही. दोन दिवस जे वाक्य तिने राजवाड्यात, नावेत आणि मनोऱ्यावर वाहून नेलं होतं, ते तिने अलगद खाली ठेवलं. "मला परत यायचंय. उद्या बाईंना नाही म्हणणार आहे. तेच तर सांगायचं होतं."

मास्तरणीचं रडणं जागच्या जागी थांबलं. "मग हे काल सांगायला काय झालं होतं? पाय बघ माझे! भोपळे झालेत!"

"तू बोलू दिलंस?"

"हात वर करायचास की!"

मग दोघी बोलल्या. आईला आधी कोणी सांगायचं यावर भांडल्या, लोक काय म्हणतील याची यादी करून एकेकाची नक्कल केली, आणि समोर बसलेल्या एका आजोबांनी त्रासून जागा बदलेपर्यंत हसल्या. तास कधी संपला ते कळलंही नाही. मास्तरणीने मोबाइल परत केला, आणखी दोन धपाटे घातले आणि काचेपलीकडे दिसेनाशी झाली.

परतीच्या बसमध्ये टिटवी खिडकीशी बसली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिला कुठे पोचायचं नव्हतं. बस हळूहळू नदीकाठाने निघाली. पुलाच्या कमानींखाली पाण्याचा उजेड हलत होता. दगडी पायऱ्यांवर माणसं जोडे काढून बसली होती. एका खिडकीत कुणी बाई उशा वाळवत होती, आणि त्या उशांवर एक मांजर निवांत पसरलं होतं. टिटवीने काचेला कपाळ टेकवलं. इतकी वर्षं हे सगळं इथेच होतं? आणि हे आता कोण बघणार?

पुलापाशी बस थांबली. घर अजून लांब होतं, तरी ती उतरली. अजून बाईंना नाही म्हणायचं होतं, सामान बांधायचं होतं, आईला सांगायचं होतं. आणि टिटवीला मात्र आत्तापासूनच या गावाची आठवण यायला लागली होती.