खाणाऱ्याले मालूम पायजे

रामटेके कंपाउंडरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते संततिनियमनाची गोळी खात होते.

वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर टक्कल, अंगात भर उन्हाळ्यात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. जिल्ह्याहून आलेलं खोकं त्यांनी फोडलं, एका पाकिटातली गोळी काढून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. सगळा दवाखाना थांबला. मग डोळे उघडून ते म्हणाले, "दूध हाये."

"रामटेके, तुम्हाला काही आता दिवस जात नाहीत," डॉक्टर रजिस्टरमधून मान वर न काढता म्हणाले.

मी त्याच दिवशी नर्स म्हणून रुजू झाले होते. गडचिरोली तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि आमचं आरोग्य केंद्र भामरागडच्या बाजूला, जंगलात होतं. शेवटचा टप्पा लाकडाच्या ट्रकमधून आले होते. अंगावरचा भुसा झाडत मनात म्हटलं, कुठे येऊन पडले मी.

रामटेके फक्त तीच गोळी चाखत असं नाही. तापाची, जंताची, ताकदीची, येईल ती गोळी आधी त्यांच्या जिभेवर जायची. गोळीत औषध असतं कणीएवढं, बाकी ती चिमटीत धरता यावी म्हणून घातलेली भर. ती पिठाची असेल तर जीभ कोरडी पडते आणि दुधातल्या साखरेची असेल तर मागून हलकी गोडी येते, असं त्यांचं म्हणणं. तापाच्या कडू गोळीनं एकदा त्यांचं दोन दिवसांचं जेवण गेलं, तरी पुढचं खोकं आलं की स्वारी हजर. ज्या बरणीत दूध निघेल तिच्यावर तांबड्या पेन्सिलीनं ठिपका. आमची अर्धीअधिक बरण्यांची फळी देवी आल्यासारखी दिसायची.

एका बदली झालेल्या क्लार्कच्या निरोपाला पेढे आले. डॉक्टर म्हणाले, "रामटेके, जपून. दूध आहे."

"पेढा सांगते तरी सायेब, का मी दुधाचा हाओ म्हनून. गोळी सांगत नाई." आणि पेढा बाजूला ठेवून दिला. चहासुद्धा ते बिनदुधाचाच प्यायचे.

कंपन्यांना ते पोस्टकार्डं टाकायचे. 'आपल्या गोळीत औषधाखेरीज काय घालता ते कळवावे. खाणारे विचारतात.' बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीनं कॅलेंडर पाठवलं, त्यावर बाटलीनं दूध पिणारं गुबगुबीत बाळ. रामटेक्यांनी ते भिंतीला तोंड करून टांगलं. एकदा मात्र मुंबईहून टाईप केलेलं इंग्रजी पत्र आलं आणि डॉक्टरांनी वाचून सांगितलं, की हो, दुधातली साखर असते, अगदी चिमूटभर, त्यानं काय होतंय.

"काय होते ते खाणारा ठरवन, सायेब. खाणाऱ्याले मालूम पायजे."

खाणारे म्हणजे आमच्या भागातले माडिया आदिवासी. ते गाई पाळतात, पण दूध काढत नाहीत. दूध वासराचं. पहिल्याच आठवड्यात मी एका म्हातारीकडे चहापुरतं दूध मागितलं. तिनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि काहीतरी विचारलं. रामटेक्यांनी भाषांतर केलं, "ते म्हन्ते, तुमी गाईचं वासरू हाव काय?"

मला वाटायचं, माणूस सज्जन आहे पण डोक्यानं जरा सरकलेला. आपल्या नोकरीच्या पहिल्या वर्षाची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली. एका गावात थंडीतापाच्या गोळ्या वाटताना लोकांनी विचारलं, यात दूध तर नाही? रामटेक्यांनी बेधडक सांगितलं, नाही. महिन्याभरानं एक तरुण साहेब गावात आला आणि हसत हसत सांगून गेला की यात दुधाची साखर असते. गावानं सगळ्या गोळ्या नदीत टाकल्या. पुढे दिली ती कुठलीच गोळी घेतली नाही. त्या पावसाळ्यात तिथली चार लेकरं तापानं गेली.

"मायी एक नाई, अन् चार लेकरं," ते म्हणाले. "लपवून देल्ली गोळी एका माणसाले लागू पडते बाई, अन् गाव जाते."

हे कळलं म्हणून माझा त्यांच्यावरचा राग गेला असं मात्र नाही. राग होता जुरीवरून.

जुरी नदीपलीकडच्या गावातली. पाच बाळंतपणं, दोन लेकरं हाताशी. पापणी खाली ओढली की आत पांढरं फटक. डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या बाळंतपणातून ही वाचत नाही. ऑपरेशनला टेबलावर घ्यावं एवढं अंगात रक्त नाही, तांबीही बसवता येत नाही. उरली गोळी. मी रस्ताभर रामटेक्यांना बजावत गेले, की आज तोंड बंद ठेवा, हिच्या जिवाचा प्रश्न आहे. ते हूं हूं करत राहिले. जुरीनं पाकीट हातात घेतलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी सांगून टाकलं. तिनं पाकीट दोन्ही हातांनी, अगदी नीट, परत दिलं.

"तुम्ही मारताय तिला," मी परतताना म्हटलं.

"दुसरं काई पाहू ना बाई."

दुसरं म्हणजे निरोध. आमच्याकडे सगळे त्याला फुगाच म्हणत. रामटेक्यांनी जुरीच्या अंगणात, तिचा नवरा कोमटी याच्यासमोर, पाकीट फोडून फुगा जिभेला लावला. मी लाजेनं कोंबड्यांकडे बघत बसले. डोळे मिटून बराच वेळ चाखून ते म्हणाले, "रबर हाये. पावडर हाये. दूध नाई." मग तेच माडियात सांगितलं. जुरी हसली. रामटेके सांगतात म्हणजे नाही, एवढंच तिला हवं होतं. त्यानंतर कोमटी दर मंगळवारच्या बाजाराला दवाखान्यात यायचा आणि रामटेके महिन्यातून एकदा त्यांच्या घरी भात-आंबील खाऊन यायचे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. पोटभर जेवण बहुधा त्यांना तिथंच मिळत असावं.

वर्ष गेलं. जुरी टिकली. पापणी ओढली की आत गुलाबी दिसू लागलं.

आणि एका सोमवारी पत्र आलं. रामटेक्यांनी सवयीनं फुग्याच्या कारखान्यालाही पोस्टकार्ड टाकलं होतं आणि ते विसरूनही गेले होते. डॉक्टर दौऱ्यावर होते म्हणून पत्र मी वाचलं. रबराच्या चिकात अमुक घालतो, तमुक घालतो, केसीन घालतो.

"केसीन म्हंजे?"

मी, हुशार बाई, लगेच म्हटलं, "दही लागतं ना, तेव्हा जे घट्ट होतं ते. दुधातलंच." आणि म्हणून झाल्यावर लक्षात आलं, काय बोलून बसले ते.

रामटेके उभे होते ते स्टुलावर बसले. "किती?"

"नखाएवढंही नसेल. धुतल्यावर जातही असेल."

"हाये ना पन."

"आहे."

दुसऱ्या दिवशी कोमटी आला. मी मुद्दाम तिथं उभी राहिले. त्यांनी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, मला आजही माहीत नाही. रामटेक्यांनी एक डबा त्याच्या हातात ठेवला, त्यानं नेहमीसारखं विचारलं, ठीक आहे ना, आणि रामटेके माडियात म्हणाले, ठीक आहे. तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ते पत्र आलंच नाई."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते रोज पहाटे पंचशील म्हणत. माझी खोली भिंतीपलीकडे, त्यामुळे मला ते पाठ झालं होतं. बुधवारी तिसऱ्या शीलानंतर ते थांबले आणि एकदम पाचवं म्हणाले. चौथं खोटं न बोलण्याचं. त्यानंतर ते मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

चाखणंही थांबलं. खोकी येत, ते फळीवर लावत. डॉक्टर खूश झाले, म्हणाले, माणूस मार्गाला लागला. नदीपलीकडे जाणंही त्यांनी सोडलं. मला त्यांची दया यायची.

चार-सहा महिन्यांनी जुरी स्वतः आली. चालत, नदी ओलांडून. कडेवर धाकटा, खोकून बेजार झालेला. हातात पळसाच्या पानाचा पुडा आणि औषधाची बाटली. बाटली लाकडाच्या ठेकेदाराच्या माणसानं दिली होती. दहा दिवस तिनं ती तशीच ठेवली होती. रामटेके येतील, चाखतील, मग पोराला देऊ. ते आले नाहीत म्हणून तीच निघाली.

रामटेके औषधांच्या खोलीत दाराआड उभे होते, मला त्यांचा स्वेटर दिसत होता. पोर खोकत राहिलं. शेवटी ते बाहेर आले. बाटलीवरचा कागद वाचला, थेंबभर बोटावर घेतलं, डोळे मिटले. मग तिला सांगितलं, की साखर आहे, औषध बरोबर आहे, दूध नाही. जुरीनं तिथंच उभ्या उभ्या टोपणभर औषध पोराच्या तोंडात ओतलं. पानाचा पुडा त्यांच्या हातात दिला, का येत नाहीस म्हणून रागावली, आणि गेली.

पुड्यात निवडलेली चारोळी होती. ती वेचून, फोडून, सोलायला तिला कितीतरी दिवस लागले असतील.

"आज खरं बोललो, बाई," रामटेके म्हणाले. "त्या दिशी खोटं. तिनं दोनी सारखंच मानलं."

मी म्हटलं, ती जिवंत आहे, रामटेकेभाऊ. ते हो म्हणाले. मग पुडा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत पायरीवर बसून राहिले. जगातली प्रत्येक गोष्ट जिभेला लावून पाहणाऱ्या त्या माणसानं त्यातला एक दाणासुद्धा तोंडात टाकला नाही.