मालनबाईचं वजन

"मेंदूत काय असतं?" पंचाक्षरी मास्तरांनी सोसायटीच्या गोदामात विचारलं. बाहेर बहात्तरचा दुष्काळ. आत बियाणंही संपलेलं. मोठी तागडी तेवढी रिकामी लोंबत होती.

"शिरा," जमिनीखालचं पाणी सांगणारा पाणाड्या नागप्पा म्हणाला.

"आणि प्रत्येक शिरेला वजन! शिरा हो किंवा नाही म्हणतात, मेंदू वजनांची बेरीज करतो. जी शीर चुकेल तिचं वजन घटवायचं, जी बरोबर येईल तिचं वाढवायचं. मेंदू असाच शिकतो. तसली यंत्रं निघालीत म्हणे, मासिकात आलंय. विहिरीची जागा आपण तशीच ठरवू."

चेअरमन आबाराव, नागप्पा आणि मालनबाई, तिघांच्या नावानं सारखे धोंडे मांडले. 'हाय' म्हणणाऱ्याचा धोंडा एका पारड्यात, 'न्हाय'वाल्याचा दुसऱ्यात. मालनबाईला बिचारीला वाटेतूनच धरून आणलं होतं. कोसभर लांबच्या आडावरून पाणी वाहणारी बाई, ती दुसरं काय म्हणणार? दाखवाल त्या जागेला "न्हाय!"

पहिला खड्डा कोरडा गेला. दुसराही. दोघा पुरुषांचे धोंडे घटले, बाईचे वाढले. मग तिनं न्हाय म्हटलं की पारडं धाडकन खाली! खोदणंच थांबलं.

"आता एकही चूक होत नाही!" मास्तर हरखले.

हो, आणि थेंबभर पाणीही नाही!

मालनबाईचे मात्र हाल हाल झाले. रोज नवी जागा, रोज बोलावणं. तेवढ्यात आडावरला तिचा नंबर जाई. घरात सून ओली बाळंतीण, आणि सासू परतायची ती कोरडी घागर घेऊन. एकदा चुकल्याशिवाय हे लचांड सुटायचं नाही, हे तिनं ओळखलं.

"मास्तर, तुमच्या अंगणात पाणी हाय."

"माझ्या?"

"व्हय. ऐन उंबऱ्यापुढं."

तागडी झुकली म्हणजे झुकली. अंगण फोडलं. मास्तरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. आणि पाणी लागलं हो! आबारावांनी ओंजळ तोंडाला लावली अन् थुंकून टाकली. मिठासारखं खारट. म्हसरंसुद्धा तोंड लावेनात.

"पण पाणी आहे ना?" मास्तर ओरडले. "वाढवा बाईंचं वजन!"

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावची बैलगाडी मालनबाईच्या दारात, त्यांनाही विहिरीची जागा हवी होती. गाडीत मास्तर, तागडी आणि धोंडे.

"म्या लबाड बोलले व्हते, मास्तर!" ती रडकुंडीला आली. "मला पाण्याला जाऊ द्या की!"

"बोलला असाल. धोंडे लबाड बोलत नाहीत. बसा."

ती बसली. मांडीवर रिकामी घागर. गाडी आडाच्या उलट्या वाटेनं निघाली.