संबंधित कोण?

मावळ खोरे नागरी सुविधा मंडळाकडे आलेली प्रत्येक तक्रार संबंधितांकडे पाठवली जात असे. हे संबंधित कोण, असा प्रश्न मंडळाच्या स्थापनेपासून कोणी विचारला नव्हता आणि त्यामुळे कारभार सुरळीत चालला होता. तो प्रश्न पहिल्यांदा विचारला एका संगणकाने.

संगणक प्रज्ञेशचा होता. कान्हे गावच्या या मुलाने पुण्यातली नोकरी सोडून लोणावळ्यात स्वतःचं सॉफ्टवेअरचं दुकान थाटलं होतं. मंडळाची ऑनलाइन तक्रार यंत्रणा हे त्याचं पहिलंच मोठं काम. मुख्य अधिकारी देवकुळे साहेबांनी त्याला काम समजावून दिलं ते एका वाक्यात. "नागरिकाने तक्रार टाकली, की ती संबंधिताकडे गेली पाहिजे. बस."

प्रज्ञेशने तसंच लिहिलं. पण प्रोग्राम चालण्याआधी त्यातल्या चुका काढणारा एक कंपायलर असतो. त्याने पहिल्याच ओळीवर लाल रेघ मारली : 'येथे प्रकार अपेक्षित होता, गुण आढळला. संबंधित हा प्रकार नाही.'

"म्हणजे काय?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, शिपाई, लेखनिक, अभियंता हे झाले प्रकार. संबंधित असणं हा गुण आहे. तो कोणाच्या तरी अंगी असावा लागतो. नुसत्या गुणाकडे तक्रार पाठवता येत नाही."

"आम्ही इतकी वर्षं पाठवतोय की!"

"कंपायलर ऐकत नाहीये."

"हा कंपायलर कोणत्या विभागाचा?"

"कोणत्याच नाही, साहेब."

"मग त्याला आक्षेप घेण्याचे अधिकार कोणी दिले?"

प्रज्ञेशने परत जाऊन कंपायलरशी तडजोड करून पाहिली. कंपायलरनेच सुचवलं, की संबंधितच्या आधी 'जो कोणी' असा शब्द जोडावा. जो कोणी संबंधित! साहेबांना ही भाषा इतकी आवडली, की कंपायलर पूर्वी सरकारी नोकरीत होता का, अशी त्यांनी चौकशी केली. पुढचा आक्षेप असा आला, की जो कोणी म्हटल्यावर त्याचा आकार कळत नाही, तेव्हा त्याला एखाद्या पेटीत ठेवावं. साहेब म्हणाले, "तक्रारपेटी आहे ना आपली. ठेवा तिच्यात."

तरी कंपायलरचं समाधान होईना. पेटीत ठेवायला एक तरी खराखुरा माणूस लागतो, म्हणाला. संबंधिताला तीन गोष्टी यायला हव्यात : ऐकणे, उत्तर देणे आणि सही करणे. तिन्ही येणारा मंडळात कोण?

प्रज्ञेश मंडळाच्या इमारतीत टेबलोटेबली फिरला. लेखनिक ऐकत होते, पण सही करत नव्हते. अभियंता वाळुंज सही करत होते, पण ऐकत नव्हते. "माझ्या अंगी तो गुण नाही," त्यांनी नम्रपणे सांगितलं, "हवं तर लेखी देतो." देवकुळे साहेब तर तिन्हींतलं काहीच करत नव्हते. ते मार्गदर्शन करत.

उद्घाटनाची तारीख ठरलेली, निमंत्रणं वाटलेली. अखेर जेरीस येऊन प्रज्ञेशने यंत्रणेत नोंदवलेला प्रत्येक प्रकार एकेक करून पेटीत घालून पाहिला. एकच बसला. तो माणूस कार्यालयात फोन लावून तासन्‌तास ऐकत होता, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता, आणि सांगितलं जाईल तिथे सही करत होता. तो होता तक्रारदार.

कंपायलर एक अक्षर बोलला नाही. यंत्रणा सुरू झाली.

पहिली तक्रार आली हिरामावशीची. भुशीच्या रस्त्याला वळणावर तिची भजी आणि कणसांची टपरी. शेजारचा दिव्याचा खांब वाकत वाकत टपरीच्या पत्र्यावर टेकायला आलेला. वारा सुटला, की मावशी गिऱ्हाइकांना आत बसू देत नसे, आणि स्वतः कढईपाशी बसून राही. तक्रार टाकताक्षणी तिला उत्तर आलं : 'आपली तक्रार संबंधिताकडे वर्ग केली आहे. संबंधित : हिराबाई.' पाठोपाठ दुसरा संदेश : 'आपल्याकडे एक तक्रार प्रलंबित आहे. विलंबाचा खुलासा करावा.'

यंत्रणेवर मदतीसाठी प्रज्ञेशचा नंबर दिलेला होता, तिने त्याला फोन लावला. "आरं बाबा, माजी तक्रार माज्याकडंच आलीया. वर मलाच इचारत्यात, खांब का सरळ केला न्हाई म्हनून!"

प्रज्ञेश धावत साहेबांकडे गेला. "साहेब, चूक झाली. कोणाचं तरी नाव द्या, बदलून टाकतो."

"कंपायलरने आक्षेप घेतलाय?"

"नाही."

"मग चूक कसली?"

दुसऱ्या दिवशी मात्र विपरीत घडलं. हिरामावशीने मोबाइल उघडला, तर संबंधित म्हणून तिच्यापुढे 'आदेश द्या' असं बटण होतं. तिने दाबलं. 'अभियंता वाळुंज यांनी खांब आजच्या आज सरळ करावा' असं लिहिलं आणि बोटाने सही केली.

वाळुंजांनी आयुष्यात संबंधिताचा आदेश कधी मोडला नव्हता, कारण तो कधी आलाच नव्हता. ते घाबरून क्रेन घेऊन आले. दुपारपर्यंत खांब ताठ. मावशीने त्यांना गरम भजी खाऊ घातली आणि म्हणाली, "लय ब्येस काम केलंत, सायेब." हे वाक्य नोकरीत पहिल्यांदाच कानावर पडल्याने वाळुंजांचे डोळे भरून आले.

मंडळात हाहाकार उडाला. एका तक्रारीचं निवारण झालं होतं! तातडीची बैठक बसली. "लोकांना याची सवय लागली तर?" देवकुळे साहेबांनी विचारलं. ठराव एकमताने झाला : तक्रारदार संबंधित राहील, खुलासाही तोच देईल, फक्त आदेशाचं बटण काढावं.

प्रज्ञेशला वाटलं, नाही म्हणावं. पण पुढचं कंत्राट शेजारच्या तीन तालुक्यांचं होतं. त्याने बटण काढलं. या वेळी तरी कंपायलर अडवील म्हणून तो पडद्याकडे बघत बसला. कंपायलरने काहीही हरकत घेतली नाही.

महिन्याभरात तक्रारी शून्यावर आल्या. खुलाशाच्या नोटिसा झेलायला कोणाला हौस? मंडळाला उत्कृष्ट सेवेचा चषक मिळाला. तो घेताना साहेबांनी नागरिकांच्या समाधानी वृत्तीचं कौतुक केलं.

नवं कंत्राट मिळाल्याचे पेढे घेऊन प्रज्ञेश टपरीवर गेला. हिरामावशीने पेढा घेतला नाही.

"मावशी, मी फक्त प्रोग्राम लिहिला."

"व्हय की," ती कढईत झारा फिरवत म्हणाली. "तुजा काय संबंध?"

तो तसाच उठला आणि घरी निघाला. कान्हे स्टेशनच्या रस्त्यावर गटाराचं झाकण गायब होतं. खड्डा उघडा, पुढ्यात शाळा सुटलेली. प्रज्ञेशने मोबाइल काढला, यंत्रणा उघडली, तक्रार लिहायलाही घेतली. मग त्याला आठवलं, की ती कोणाकडे जाईल. त्याने मोबाइल खिशात टाकला आणि खड्ड्याला वळसा घालून निघून गेला.

तुम्हीही त्या रस्त्याने गेला असाल, तर तो खड्डा तुम्हाला दिसलाच असेल. वळसा घातल्याशिवाय तिथून कोणालाच जाता येत नाही.