रांग नसलेला दवाखाना

रुक्मिणीबाईंनी पिशवीतून चपलांचा एक जुना जोड काढला, पदराने पुसला आणि रांगेत नीट ठेवून दिला. इंद्रायणी बघतच राहिली.

"आई! ह्या बाबांच्या चपला आहेत."

"मग? पायातल्या काढून ठेवल्या तर मी हिंडू कशात? आणि ह्यांना सवय आहे की रांगेची."

इंद्रायणीने कपाटंच्या कपाटं पुस्तकं वाचली होती. कॉलेजात ती मुलांना शिकवत होती. पण या वाक्यावर तिने खाली वाकून त्या चपला तेवढ्या सरळ केल्या.

सोलापुरातल्या या सरकारी दवाखान्यात माणसं रांगेत उभी राहत नसत, चपला राहत. पहाटे यायचं, आपली चप्पल खिडकीसमोर मांडायची आणि पटांगणाच्या पलीकडे लिंबाच्या पारावर जाऊन बसायचं. या जिल्ह्यात सख्खे भाऊ एकमेकांचा बांध कोरतील, पण रांगेतली दुसऱ्याची चप्पल कुणी बोटभर सरकवणार नाही. चपलेचा नंबर म्हणजे माणसाचा नंबर.

तिच्या बाबांनी, गंगाधर मास्तरांनी, गेल्या वर्षी इथेच अशी चप्पल मांडली होती. हृदयाच्या तपासणीसाठी त्यांना दिवाळीनंतरची तारीख मिळाली आणि ते भाद्रपदातच गेले. जन्मभर शाळेची घंटा न चुकवलेल्या माणसाची ती पहिली गैरहजेरी. दिवाळीनंतर दवाखान्यातून फोन आला, "पेशंट का आले नाहीत?" इंद्रायणीने हळू आवाजात कारण सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, "मग पुढची तारीख देऊ का?"

आता आईला दम लागत होता. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि भिंतीवरचं काहीतरी बघत असल्यासारखं दाखवायची. हृदयाचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत आणि जेवणाच्या वेळेला निघून जात. आजचा नंबर हुकला तर पुढची तारीख थेट दसऱ्यानंतरची. ही तारीख चुकू द्यायची नाही, एवढंच इंद्रायणीने मनाशी ठरवलं होतं.

"हितं मांडा आक्का, आमच्या मालकाच्या मागं," पुढच्या बाईने जागा करून दिली. ती सांगोल्याकडची मायाक्का. नवरा सिद्धाप्पा पारावर टेकून झोपला होता आणि त्याच्या धनगरी वहाणा होडीसारख्या ऐसपैस पसरल्या होत्या. "ह्या वहाणांच्या मागं कोण घुसत न्हाय. वासच येतो तसा."

मायलेकी पारावर गेल्या. पारावर शेंदूर लावलेला देव होता, म्हणून सगळ्यांनी पायातलंही खालीच काढलं होतं. ऊन चढत चाललं. पटांगणातलं सिमेंट तव्यासारखं तापलं. खिडकी काही उघडली नव्हती.

इतक्यात वॉर्डबॉय प्रभुलिंग खांद्यावर चादरींचा गठ्ठा टाकून पळत आला.

"अय्यो, चपला उचला! पथक आलंय, पुण्याचं पथक!"

"कशाचं पथक?" इंद्रायणीने विचारलं.

"पेशंटला किती वेळ थांबावं लागतंय ते बघायला. तक्रारी गेल्यात की वर."

पारावर आनंदाची लाट पसरली. सरकारला शेवटी जाग आली म्हणायची!

"मग बगू द्या की," मायाक्का म्हणाली. "आमी थांबूनच ऱ्हायलोय. त्यास्नी दिसंल."

"तेच तर दिसायला नको! साहेब म्हणले, रांग दिसली तर तुझी बदली."

बोलता बोलता त्याने खिडकीपुढची रांग चादरीत गोळा केली. मग पाराकडे वळला आणि देवापुढच्या चपलाही ओढल्या. रुक्मिणीबाईंच्या गेल्या, इंद्रायणीच्या गेल्या. लोक ओरडले. प्रभुलिंगने हात जोडले. "पथक गेलं की आणून देतो. लेकरंबाळं हायत मला!"

लेकरंबाळं सगळ्यांनाच होती. लोकांनी चपला जाऊ दिल्या, आणि तिथेच चुकलं.

गाठोडी ठेवायला जागा मिळेना, म्हणून प्रभुलिंगने ती कोपऱ्यातल्या अँब्युलन्समध्ये कोंबली. या गाडीला कधी ड्रायव्हर नसे, ड्रायव्हर असला तर डिझेल नसे, दोन्ही असलं तर चाकात हवा नसे. आज मात्र तिन्ही जमून आलं होतं. पथकाची मोटार फाटकातून आत आली आणि त्याच वेळी, दवाखाना किती तत्पर आहे ते दिसावं म्हणून, अधीक्षकांनी खूण केली. अँब्युलन्स सायरन वाजवत शहराबाहेरच्या कुंभारी गावाच्या दिशेने सुसाट निघाली. पेशंटांना जी गाडी कधी मिळाली नाही, ती चपलांना मिळाली.

"आई," इंद्रायणी म्हणाली, "आपला नंबर गेला."

"कुठं?"

"कुंभारीला."

पथकाच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम उतरल्या. त्यांनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं, झाडलेल्या व्हरांड्याकडे पाहिलं.

"रांग कुठंय?"

"रांग नसतेच मॅडम आपल्याकडं," अधीक्षक नम्रपणे म्हणाले. "पेशंट आला की लगेच आत."

"आणि ती झाडाखालची माणसं?"

"देवाला आलेत."

इंद्रायणीचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. एवढं धडधडीत खोटं तिने कादंबरीतसुद्धा वाचलं नव्हतं. आत डॉक्टर बसले होते, जेवणाची वेळ जवळ येत होती, आणि मधे ते तापलेलं पटांगण. पारावरून कुणालाच उतरता येत नव्हतं. तिने पदर खोचला.

"इंदू, पाय भाजतील गं!"

ती उतरली होती. पहिली काही पावलं तिने शांतपणे टाकली. पुढे शांतपणा राहिला नाही. ती एका पायावर आली, मग दुसऱ्यावर, मग दोन्ही हात वर करून "अहो मॅडम! अहो, ऐका!" असं ओरडत, गिरक्या घेत पटांगणाच्या मधोमध पोचली. तिच्या एखाद्या विद्यार्थ्याने हे पाहिलं असतं तर मराठी साहित्याबद्दल त्याचं मत कायमचं बदललं असतं.

"फिट आली! फिट आली त्यांना!" पथकातलं कुणीतरी ओरडलं.

आणि मग जे घडलं तसं त्या दवाखान्यात पूर्वी कधी घडलं नव्हतं. अधीक्षक स्वतः धावले. स्ट्रेचर आलं, आणि त्याची चारही चाकं फिरत होती. चौघांनी इंद्रायणीला उचललं. एकाने रक्तदाब घेतला, दुसऱ्याने बोटाला सुई टोचली, तिसऱ्याने सलाईन लावायला हात धरला.

"मी पेशंट नाही!"

"असंच म्हणतात सगळे," सिस्टर मायेने म्हणाली.

"पेशंट माझी आई आहे!"

"आईची आठवण काढतायत," सिस्टरने डॉक्टरांना सांगितलं. "जरा सिरियस दिसतंय."

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच इंद्रायणी हृदयाच्या डॉक्टरांपुढे टेबलावर आडवी होती. छातीवर गार जेल पडलं आणि पडद्यावर तिचं काळीज धडधडताना दिसू लागलं. ज्या तपासणीची वाट बघता बघता बाबा गेले, जिच्यासाठी आई बाहेर पारावर बसली होती, ती हीच. तिने मागितलीही नव्हती, आणि तिला ती अशी मिळत होती.

"श्वास रोखा," डॉक्टर म्हणाले.

"तो मघाशीच रोखलाय."

"हृदय उत्तम आहे. ठोके तेवढे फार जलद पडतायत. कसला धक्का बसलाय का?"

"सकाळपासून बसतायत."

दारात राजेश्वरी मॅडम प्रसन्न चेहऱ्याने उभ्या होत्या. "किती वेळ थांबावं लागलं तुम्हाला?"

इंद्रायणी उठून बसली. खरं सांगावं, तर चपलांपासून सुरुवात करावी लागणार होती. मग चादरी, मग अँब्युलन्स, मग कुंभारी. अधीक्षक प्रत्येक गोष्टीचा खुलासा करणार, चौकशी बसणार, आणि तोवर डॉक्टर जेवायला निघून जाणार. डॉक्टरांनी घड्याळाकडे एकदा पाहिलंही. इंद्रायणीने एक दीर्घ श्वास घेतला.

"अजिबात नाही. इथं रांगच नाही."

अधीक्षकांनी कृतज्ञतेने मान डोलावली.

"आणि रांग नाही," ती पुढे म्हणाली, "म्हणजे माझ्या आईच्या पुढं कुणी नाही. त्या झाडाखाली बसलेल्यांपैकी कुणाच्याच पुढं कुणी नाही. मग त्यांना आत्ताच आत घ्यायला काय हरकत आहे?"

अधीक्षकांची मान डोलता डोलता मधेच थांबली.

"काय हरकत असणार?" राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. "घ्या की. मीही बघते थांबून."

त्यांच्यासाठी एक खुर्ची आली. अनवाणी माणसांना पटांगणातून चालवता येईना, तेव्हा दवाखान्यातली होती नव्हती ती सगळी स्ट्रेचरं बाहेर निघाली. सिद्धाप्पा तर झोपेतच आला. वाटेत त्याने डोळे उघडले, वर आभाळ सरकताना पाहिलं आणि घाबरून विचारलं, "मायाक्का, गेलो काय गं मी?"

"न्हाय वो, पडून ऱ्हावा गप," ती बाजूच्या स्ट्रेचरवरून म्हणाली. "आज सरकारी काम हाय, लवकर व्हतंय."

डॉक्टर त्या दिवशी जेवले नाहीत. रुक्मिणीबाईंची तपासणी झाली. एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "महिन्याने याच मशीनवर पुन्हा बघू. तेव्हा ऑपरेशनचं ठरवता येईल. चुकवू मात्र नका."

"नाही चुकवणार," इंद्रायणी म्हणाली.

संध्याकाळी अँब्युलन्स सायरन वाजवत परत आली आणि पटांगणात चपलांचा ढीग पडला. रुक्मिणीबाईंनी आपल्या चपला शोधायच्या आधी दुसराच जोड शोधला, पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. इंद्रायणीने दुसरीकडे पाहिलं. घरी जाताना रिक्षात मात्र तिला एकदम हसू आलं. एका वाक्यात तिने अख्खा दवाखाना कामाला लावला होता.

"ह्यांनी असं कधी केलं नसतं गं," आई म्हणाली. "रांगेतच थांबले असते."

"म्हणूनच मी थांबले नाही," इंद्रायणी म्हणाली.

महिन्याने त्या पुन्हा पहाटे आल्या. पटांगण रिकामं होतं. खिडकीसमोर एकही चप्पल नव्हती, पारावर एकही माणूस नव्हतं. प्रभुलिंग स्टुलावर बसून अंगठ्याला तेल चोळत होता. तिला बघताच तो ताडकन उठला.

"या मॅडम, या! आज लई दिवसांनी!"

"लोक कुठं गेले?"

"लोक कशाला येतील? डॉक्टरच न्हाईत की. त्यांची बदली झाली, मशीनबी गेली त्यांच्यासंगं. पार दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात."

"बदली? का?"

"पथकानं लिवलं ना वर. हितं रांग न्हाय, डॉक्टर बिनकामाचे बसून ऱ्हातात, जितं गर्दी हाय तितं पाठवा. बक्षीस मिळालं आमच्या साहेबांना. फोटो बगा तिकडं भिंतीवर."

"पण रांग नाही हे त्यांना सांगितलं कुणी?" इंद्रायणीचा आवाज चढला. "अधीक्षकांच्या शब्दावर विश्वास ठेवला त्यांनी?"

"छे छे! साहेबांवर कोण ठेवतंय?" प्रभुलिंग आदराने म्हणाला. "तुमच्यावर ठेवला की, मॅडम. एका उच्चशिक्षित महिलेनं स्वतः सांगितलं, असं हाय त्यात."

इंद्रायणीने वळून भिंतीवरचा तो फोटो पाहिला. रुक्मिणीबाई शांतपणे पुढे झाल्या.

"त्या तालुक्यात रांग असते का हो?"

"लई मोठी, आक्का! फाटकाच्या भाईर रस्त्यापर्यंत."

"बरं झालं." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "चल इंदू, पहिली एस.टी. मिळाली तर बघू. रांग आहे म्हणजे डॉक्टर आहे. आणि हे बघ, तिथं कुणी काही विचारलं तर तू बोलू नकोस. मी बोलेन."