घेणार करीम पेंटर

"आपल्या बोर्डात एक वेलांटी चुकलेली दाखवा, आख्खा डबाभर रंग पितो!" असं करीम पेंटर छाती ठोकून सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत कोल्हापुरातल्या कितीतरी दुकानांच्या पाट्या त्याने रंगवल्या, पण ऱ्हस्वाचं दीर्घ झालं नाही. रिटायर हेडमास्तर आण्णासुद्धा अडलेला शब्द त्याला विचारून जात!

अशा या माणसाचा जीव त्या दिवसांत टांगणीला लागला होता. तालमीच्या कोपऱ्यावर त्याचं लाकडी खोकं होतं. तेच दुकान, त्यावरच घर चालायचं. त्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती आणि नव्या परवान्याचा अर्ज महापालिकेच्या कचेरीत बाळासो कारकुनाच्या टेबलावर सात महिने पडून होता. करीम गेला की बाळासो कान कोरत म्हणायचा, "बघू की!" त्या 'बघू की'चा अर्थ सगळ्या पेठेला ठाऊक होता. करीमलाही होता. पण एक पैसा सरकवायचा नाही, असा त्याने हट्टच धरला होता. सोमवारपर्यंत कागद मिळाला नाही, तर गाडी येऊन खोकं उचलून नेणार होती!

आणि शनिवारी सकाळी आण्णा मांजरपाटाचा तागा काखेत मारून हजर झाले. ते सत्त्याहत्तर साल होतं. दिल्लीत लोकपालाचं बिल मांडलं होतं. मोठमोठ्यांच्या खाबूगिरीची चौकशी करायला एक स्वतंत्र माणूस बसवायचा, असं ते बिल. त्याला जनतेचा पाठिंबा म्हणून आण्णांनी संध्याकाळी तालमीसमोर सभा ठेवली होती. सह्या आणि अंगठे गोळा करून दिल्लीला पाठवायचे होते.

"करीम, फलक असा झाला पाहिजे की वाचणाऱ्याला घाम फुटावा!" आण्णा म्हणाले.

"फुटंल की! आण्णा, ह्यो फलक मी फुकट करतो. माझ्या मनातलंच हाय त्ये."

करीमने जीव ओतून काम केलं. वरच्या ओळीत लिहिलं, 'लोकपाल झालाच पाहिजे!' खालच्या ओळीत लिहिलं, 'लाच देणार नाही, घेणार नाही'. डाव्या टोकाला लोकपालाचे दोन टपोरे डोळे काढले. मग सही. फलकाच्या कोपऱ्यात सही केली की ती बांबूपाशी चुरगळून दिसेनाशी होते, हा त्याचा जुना अनुभव. म्हणून तो नेहमी शेवटचा शब्द सोडून त्याच्या अलीकडच्या शब्दाखाली सही ठोकायचा. आजही 'घेणार'च्या खाली त्याने झोकात लिहिलं, 'करीम पेंटर'.

रंग वाळल्यावर त्याने कापड बायकोपुढे टाकलं. मेहमुदा शिवणाच्या मशीनवर बसली होती.

"दोन्ही टोकांना हातभर दुमड आन् टीप मार. बांबू घालायचाय."

"हातभर? अवो, लई न्हाय व्हय हुणार?"

"सांगितलं तेवढं कर की! पेंटर मी का तू?"

आता इथे घोळ असा होता की पेंटर लोकांचा हात म्हणजे पंजा. अक्षराची उंची ते पंजानेच मोजतात. मेहमुदाचे वडील मलकापूरच्या बाजारात कापड विकत. तिच्या माहेरी हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत! पेंटर ती नव्हती, म्हणून गप्प बसली. कोपर टेकवून तिने हातभर मापलं, दुमडलं आणि पक्की दुहेरी टीप मारली. करीम तोवर अंघोळीला गेला होता. आण्णांची माणसं आली आणि घडी घातलेला फलक घेऊन गेली.

पाच वाजता करीम इस्त्रीचा सदरा घालून, कानात अत्तराचा फाया खोचून चौकात आला. तालमीची खिडकी आणि समोरचा दिव्याचा खांब यांच्यामध्ये फलक ताणून बांधला होता. गर्दी चांगली जमली होती. खांबापाशी खुर्चीवर आण्णा, टेबलावर सह्यांचे कागद आणि अंगठ्यांसाठी शाई. करीमने कौतुकाने मान वर केली आणि ती तशीच वर राहिली!

लोकपालाचा एक डोळा शिवणीत गेला होता. दुसरा तेवढा टपोरा उघडा होता, एक डोळा मिटून लोकपाल इशारा करतोय असा! उजवीकडचं 'नाही' खांबाकडच्या बांबूच्या पिशवीत गडप झालं होतं आणि भर चौकात लाल अक्षरांत झळकत होतं:

'लाच देणार नाही, घेणार
करीम पेंटर'

"काय लिवलंय रं वर?" टोपली खाली ठेवत भाजीवाल्या चिमणाबाईने शेजारच्या गुंडू पैलवानाला विचारलं. गुंडूने एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचून दाखवलं.

"आगं बया! करीमभाई घेतोय?"

"सही केलीया की खाली!"

"पन मानूस सरळ म्हनायचा बगा. कुनी असं लिवून देतंय व्हय?"

कुजबुज वाढली. आण्णांची पाठ फलकाकडे होती. त्यांना वाटलं, भाषण रंगतंय. त्यांनी आवाज आणखी चढवला. "बंधूंनो, ज्याच्या-त्याच्या मनात जे आहे, तेच या फलकावर आहे!"

सगळी गर्दी वळून करीमकडे बघायला लागली. करीमला दरदरून घाम फुटला. अठ्ठावीस वर्षांचं नाव डोळ्यांदेखत मातीत चाललं होतं. चिमणाबाई अंगठा द्यायला निघाली होती, ती परत टोपलीपाशी येऊन बसली. "घेनाऱ्यांच्या सभंत मी न्हाय अंगठा देत!" तिच्यामागे आणखी चारजण वळले.

आणि त्यात चहाच्या गाड्यापाशी, हातात कप धरून, बाळासो उभा होता! तो फलक वाचत होता. एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग करीमकडे बघून गालात हसला. आता सोमवारी काय होणार, हे करीमला लख्ख दिसलं. लाचखोर म्हणून बोभाटा होणार आणि वर खोकंही जाणार!

त्याने इकडेतिकडे पाहिलं. तालमीच्या दाराशी शिडी होती. ती ओढून त्याने खांबाला लावली आणि भराभर वर चढला. वाळलेला रंग खरवडायचं अर्धं पातं नेहमी खिशात असायचं. ते काढून तो शिवण उसवायला लागला. पण मेहमुदाची दुहेरी टीप! पातं फिरतंय, दोरा तुटता तुटत नाही. शिडी डुगडुगतेय. खाली आण्णा गरजतायत, "आहे कुणी छातीचा, जो पुढं येऊन शपथ घेईल?"

"आण्णा, त्यो बगा, फलक काढून पळाय लागलाय!" गुंडू ओरडला.

आण्णांनी वळून पाहिलं, तेवढ्यात टीप उसवली. टर्रर्र! बांबू सटकला आणि टेबलावर आदळला. शाई उडाली, कागद उडाले आणि फलकाचं मोकळं टोक सपकन खाली येऊन आण्णांच्या डोक्यावर पडलं. दोन क्षण सभेचे अध्यक्ष दिसलेच नाहीत. दिसत होतं ते त्यांच्या टकलावर पसरलेलं मोठं, लाल, शुद्ध 'नाही'!

"बगा! हाय का न्हाय 'नाही'?" करीम शिडीवरून जीव खाऊन ओरडला. "शिवणीत गेलतं हो! आमच्या घरात शिवणीत गेलतं!"

गर्दी हसून हसून वाकली. आण्णा कापडातून बाहेर आले ते लालबुंद होऊन. त्यांनी शिडीवरच करीमला शपथ घ्यायला लावली. "लाच देणार नाही, घेणार नाही!" करीमने तीनदा म्हटलं, आणि शेवटच्या 'नाही'ला त्याचा घसा बसला. चिमणाबाईने पदराला बोट पुसत अंगठा दिला. लोकपालाला तालमीचा पाठिंबा मिळाला.

पण खोक्याचं काय? रविवारभर करीमने अन्नाला हात लावला नाही. सोमवारी तो कचेरीत शिरला.

बाळासो उठून उभा राहिला! त्याने स्वतः खुर्ची ओढली. "या या, करीमभाई! बसा की. च्या सांगू?" आणि सात महिन्यांचा कागद खणातून काढून त्याने धाडकन शिक्का मारला.

करीम सांगायला लागला, "बाळासो, त्ये फलकावर चुकून..."

"आवो, कळतंय की मला!" बाळासो पुढे झुकून हळूच म्हणाला. "चारचौघांत 'नाही' भाईर काढायचं, एरवी दुमडून ठिवायचं. आमी बी त्येच करतोय. पन 'घेणार'खाली सही करायची म्हंजे काळीज पायजे! आदी सांगायचं न्हाय व्हय, तुमी आमच्यातलंच हाय म्हणून? आपल्या माणसाकडनं काय घ्यायचं?"

करीमने तोंड उघडलं. 'नाही' हा शब्द अगदी ओठांपर्यंत आला. पण समोर ओला शिक्का होता, आणि खोकं उचलणारी गाडी बाहेर उभी होती. त्याने कागद घेतला, चहा घेतला आणि मान खाली घालून घरी आला.

मेहमुदाने दारातच विचारलं, "मिळालं? काय दिलंबिलं न्हाईसा न्हवं?"

"दिलं काय बी न्हाय."

"आन् फलकावरचं पुढचं?"

करीमने सदरा खुंटीला अडकवला आणि तिच्याकडे न बघताच म्हणाला, "पुढचं तूच शिवणीत घातलंस की!"