स्लायगोचं हवाई अंतर

नकाशा दिसला की चारुदत्त प्रधानच्या अंगात वारं शिरतं!

"ट्रेननं तीन तास? छे! मी तुला विमानानं नेतो!" त्यानं बायकोला ऐकवलं. "डब्लिन ते डोनेगल, तिथून स्लायगो. दुसरं विमान तर वीस मिनिटांचं. चहा संपायच्या आत!"

वसुधाला घाई होतीच. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, स्लायगोला, तिच्या धाकट्या बहिणीचं, सानिकाचं, डोहाळजेवण. कोविडमुळे आईला पुण्याहून येता येईना, तेव्हा माहेरची ओटी वसुधानंच भरायची. आणि आईनं फोनवर बजावलेलं, "तुमच्या पाचनंतर अमावस्या लागते. त्याच्या आत भरा गं बाई!"

डोनेगलला विमान झकास उतरलं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मेंढ्या, मध्ये एक काउंटर.

"स्लायगोचं विमान कुठून सुटतं?" चारुदत्तनं रुबाबात विचारलं.

काउंटरवरच्या बाई मास्कमागे हसल्या. "इथून स्लायगोला विमान जात नाही हो!"

"असं कसं?" त्यानं फोन पुढे केला. "ही वेबसाइट बघा, दोन्ही विमानतळांची नावं आहेत. अंतर आहे, फ्लाइट टाइम आहे!"

"विमान असतं तर किती वेळ लागला असता, तेवढं सांगतंय ते."

वसुधाचा आवाज चढला. "चारू, तू तिकिटं काढली नाहीस?"

"पुढची तिथंच मिळतील म्हटलं. एसटीसारखी."

"माझ्या बहिणीची ओटी, आणि तू एसटीवर सोडलीस?" तिचे डोळे भरून आले.

बाईंना दया आली. "रडू नको, पोरी. माझा भाऊ स्लायगोला माल घेऊन निघालाय. सगळं ग्रँड, अगदी झकास होईल!"

माल म्हणजे मासे! पैठणी नेसलेली वसुधा मांडीवर नारळ घेऊन पुढे बसली. मागे बांगड्यांच्या क्रेटांमध्ये चारुदत्त. वळण आलं की बर्फाचं पाणी थेट त्याच्या कुडत्यात! उतरताना ड्रायव्हरनं बाळासाठी म्हणून पिशवीभर बांगडे त्याच्या गळ्यात मारले.

पाचला पाच कमी असताना दार उघडलं. सानिकाच्या नवऱ्यानं, अमोघनं, नाकच धरलं. "बाप रे! हिला साध्या फोडणीचा वास सहन होत नाही. वसुधाताई, तू ये. जिजू, तुम्ही प्लीज बागेत!"

तर अशी ओटी भरली गेली, आणि जावईबापूंनी ती खिडकीच्या काचेला नाक लावून पाहिली. व्हिडिओ कॉलवर आईनं डोळे पुसले. वसुधा काही पुसायच्या मनःस्थितीत नव्हती, ती खिडकीकडे रोखून बघत होती.

इतक्यात सानिकानं मान वर केली. "हा वास कसला गं?"

अमोघ बादली आणायला धावला.

"बांगडा! ताजा! मला तळून हवाय. आत्ताच्या आत्ता!"

कित्येक आठवडे नुसत्या टोस्टवर जगलेली पोर चार तुकड्या खाऊन पाचवीकडे बघू लागली. चारुदत्तला सन्मानानं आत घेतलं गेलं. व्हिडिओ कॉलवरच्या सासूबाई तर भारावूनच गेल्या. "चारुदत्तराव, लेकीच्या डोहाळ्यांसाठी मासे आणायला इतक्या लांबून फिरून आलात! कोण करतं हो एवढं?"

"त्यात काय आई, आपलं माणूस म्हटल्यावर..." चारुदत्त विनयानं म्हणाला. कुडता अजून निथळत होता.

"मग बारशाला माझ्या प्रवासाचं सगळं तुम्हीच ठरवा हं!"

"नको!" वसुधा, सानिका आणि अमोघ एकदम ओरडले.